जांभूळटोलीचा उचलता पूल

बहिणीच्या नवऱ्याला आमच्याकडे भाटवे म्हणतात. आमच्या टेकचंद भाटव्यांना जगातली कोणतीही वस्तू आहे तशी बरी वाटत नाही. दार असलं तर ते आपोआप लागावं, पंखा असला तर त्यानं चूलही फुंकावी आणि गाय असली तर तिनं आपलं पाणी आपणच घ्यावं, असं त्यांचं मत. गाईसाठी त्यांनी एकदा खरोखरच पायानं दाबायचा नळ केला. गाय हुशार निघाली. तिला तहान कमी आणि नळ दाबायची हौस फार. आठवडाभरात माझ्या बहिणीच्या अंगणात धान रोवता येईल एवढा चिखल झाला. बहिणीनं नळ उपटून फेकला आणि भाटव्यांनी तोंड वर करून सांगितलं की नळात काही खोट नव्हती, गाईला शिस्त नव्हती.

माझं अड्याळच्या बाजारात हार्डवेअरचं लहानसं दुकान आहे. त्यामुळे भाटव्यांच्या डोक्यात काय शिजतंय हे घरच्यांच्या आधी मला कळतं. ते दुकानात येऊन नुसता स्क्रू मागतात तेव्हा मी निश्चिंत असतो. पण साखळी हातात घेऊन तिचं वजन तोलू लागले की मी बहिणीला फोन करतो. बहीण सुलोचना माझ्याहून मोठी, मी तिला बाई म्हणतो. ती फोनवर एवढंच विचारते, "आता काय?"

भाटव्यांचं उमेदीचं वय गेलं रेल्वेच्या फाटकावर. अरुंद रुळांवरची छोटी गाडी धावायची तेव्हा ते ठेकेदाराकडून फाटकवाले होते. गाडी कमी, मोकळा वेळ फार, त्यामुळे फाटक उघडायचं आणि लावायचं एवढ्या कामातून त्यांनी एक अख्खं तत्त्वज्ञान काढलं. एवढा लांबलचक दांडा एका हातानं कसा वर जातो? तर त्याच्या शेपटाला लोखंडाचं वजन बांधलेलं असतं म्हणून. हे वजन त्यांना इतकं आवडलं की ते येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून दाखवत. बैलगाडीवाले, एसटीचे कंडक्टर, शाळेच्या मास्तरीण बाई, कुणीही सुटलं नाही. लाईन मोठी करायची म्हणून छोटी गाडी बंद झाली आणि भाटव्यांची नोकरी गेली. वजन मात्र डोक्यातून गेलं नाही.

त्यात भर पडली रामेश्वरची. जांभूळटोलीतली, म्हणजे भाटव्यांच्या वस्तीतली मंडळी बस करून तीर्थाला गेली होती. सगळे देवळात गेले, बावीस कुंडांचं पाणी डोक्यावर घेऊन आले आणि भाटवे कुठेच दिसेनात. दिवस मावळताना ते समुद्राकाठी सापडले. तिथं तेव्हा तो जुना रेल्वेपूल होता, जहाज आलं की मधोमध उघडणारा. माणसं दांडे फिरवायची, पुलाचे दोन तुकडे दोन्हीकडून वर उचलले जायचे, जहाज निघून जायचं आणि पूल पुन्हा मिटायचा. भाटव्यांनी जहाज येण्याची वाट पाहण्यात दिवस काढला होता आणि जहाज आलं होतं. ते आनंदानं इतके वेडे झाले होते की बाईच्या हातचा प्रसाद त्यांनी खिशात घातला. बाई अजून सगळ्यांना सांगते की हा माणूस रामेश्वरला गेला आणि देव न पाहता पूल पाहून आला.

आता जांभूळटोलीचं सांगायला हवं. पवनीच्या अलीकडे नाल्याच्या काठावर ही टोली. पूर्वी नाला उन्हाळ्यात कोरडा पडायचा, पोरंसोरं त्यात क्रिकेट खेळायची. खाली नदीवर धरण झालं आणि पाणी नाल्यात चढून कायमचं उभं राहिलं. टोलीची शेतं पल्याड, पक्का रस्ताही पल्याड. शेतकरी म्हणू लागले की पूल हवा. वरच्या तलावाच्या पाळीवरून, म्हणजे बांधावरून जायचं तर केवढा फेरा. पण टोलीत ढिवरांची, म्हणजे मासे धरणाऱ्यांचीही घरं आहेत. त्यांचे डोंगे टोलीच्या काठाला बांधलेले असतात आणि जाळी, बांबू घेऊन ते नाल्यातूनच नदीला जातात. बुटका पूल बांधला तर डोंगा अडतो. उंच बांधायचा तर दोन्ही काठांवर लांबच लांब चढण घालावी लागते आणि ते टोलीच्या आवाक्यातलं नव्हतं. शेतकऱ्यांनी बांबूचा पूल टाकावा, ढिवरांनी तो बाजूला सारून डोंगे काढावेत, मग दोघांनी एकमेकांच्या सात पिढ्यांची आठवण काढावी, असं बरेच दिवस चाललं.

भाटव्यांना तर हेच हवं होतं. उचलता पूल म्हणजे काय, हे त्यांनी चावडीवर उभं राहून समजावलं. पवनीच्या किल्ल्याचा खंदक सगळ्यांनी पाहिलेला आहे. भाटव्यांचं म्हणणं असं की जुन्या काळी असल्या खंदकांवर उचलते पूल असायचे. शत्रू आला की पूल ओढून घ्यायचा, मग तोच पूल दाराला आडवा उभा राहून दुसरं दार होतो आणि शत्रू पल्याड हात चोळत बसतो. कुणीतरी विचारलं, पवनीला असा पूल होता हे तुम्हाला कुणी सांगितलं? भाटवे म्हणाले, नसला तर त्यांचं चुकलं. पण आपला पूल शत्रूसाठी नाही, डोंग्यांसाठी. एरवी खाली, डोंगा आला की वर. ढिवरांतला जाणता गोमाजी पुढे आला. त्यानं एकच विचारलं, डोंगा आला आणि तुम्ही झोपलेले असलात तर? भाटव्यांनी छातीवर हात ठेवून शब्द दिला की गोमाजीची आरोळी आली आणि पूल वर गेला नाही असं होणार नाही.

पूल झाला. टोलीनं अंगमेहनत केली, साखळी आणि चाकं माझ्या दुकानातली. टोलीच्या काठावर दोन उंच खांब. खांबांच्या डोक्यावर दोन लोखंडी दांडे, तराजूच्या दांडीसारखे मध्ये तोललेले. पूल म्हणजे लोखंडी चौकटीवर ठोकलेल्या फळ्या. त्याची अल्याडची कड काठाला बिजागरीनं बसवलेली, पल्याडची कड साखळीनं दांड्यांच्या पुढच्या टोकांना टांगलेली. आणि दांड्यांच्या मागच्या टोकांना भाटव्यांचं लाडकं वजन: एक मोठा लोखंडी पाळणा आणि त्यात रेती भरलेले कट्टे, म्हणजे पोती. पाळणा खाली येतो तेव्हा पूल वर जातो आणि पाळणा वर जातो तेव्हा पूल खाली येतो. दोन्हीकडचा भार सारखा, त्यामुळे विहिरीच्या जुन्या रहाटाचं चाक बसवलेलं हँडल म्हातारं माणूसही फिरवू शकतं. रेतीचा एखादा कट्टा कमी की जास्त यावर भाटव्यांनी इतके दिवस घालवले, की लेकीचं, हर्षाचं लग्न ठरवायला ते दोनदा उशिरा पोचले.

हर्षा त्यांची एकुलती एक. लाखांदूरकडच्या मनिषशी तिचं जमलं. साक्षगंधाच्या, म्हणजे साखरपुड्याच्या दिवशी भाटव्यांनी मांडवाच्या छताला फुलांची टोपली बांधली होती. दोरी ओढली की पाहुण्यांवर फुलं पडावीत अशी. दोरी ओढली आणि टोपलीच पडली, ती थेट मनिषचे वडील भय्याजी यांच्या डोक्यावर. भय्याजी भला माणूस, टोपली डोक्यावर घेऊनच हसले. पण बाई हसली नाही. ती रात्रभर धुमसली आणि सकाळी भाटव्यांसमोर उभी राहिली. मी तिथंच चहा पीत होतो.

"हे पाहा," ती म्हणाली, "लग्नात वरात तुमच्या या पुलावरून धड इकडं आली, तं पूल राहीन. नाही आली, तं दुसऱ्या दिवशी मी भंगारवाल्याले बोलावीन. मंग माह्या नावानं ओरडायचं नाही."

भाटवे हसले, पण अर्धा चहा तसाच टाकून ते पुलाकडे गेले. त्यांनी आजवर केलेल्या सगळ्या वस्तू बाईनं कधी ना कधी उपटून फेकल्या होत्या आणि प्रत्येक वेळी टोली तिच्या बाजूनं होती. हा पूल वेगळा होता. शेतकरी त्यावरून बैल नेत होते, गोमाजी त्याखालून डोंगे काढत होता आणि दोघेही त्याला 'आपला पूल' म्हणत. आयुष्यात पहिल्यांदा लोक भाटव्यांना विचारायला येत, हसायला नव्हे. बाई बोलली की करते हे त्यांना माहीत होतं.

शहाण्या माणसानं अशा वेळी काय केलं असतं? पूल आदल्या दिवशीपासून खाली टाकून ठेवला असता आणि वरात मुकाट्यानं आत घेतली असती. भाटव्यांनी ठरवलं की लग्नाच्या सकाळी पूल उभा ठेवायचा, वरात पल्याड येऊन थांबली, बँड वाजू लागला की सगळ्यांच्या देखत तो हळूहळू खाली आणायचा. नवरदेवाच्या पायाशी पूल येऊन टेकला पाहिजे, ते म्हणाले. मी म्हटलं, भाऊजी, उगाच कायले? ते माझ्याकडे असं बघू लागले जसं मी लग्नच नको म्हणालो होतो.

लग्नाच्या सकाळी सगळ्या टोलीला उधाण आलं होतं. जांभळीच्या डहाळ्यांनी झाकलेला मांडव घरापासून थेट नाल्यापर्यंत पसरला होता. मांडवाचं दार पुलाच्या तोंडाशी, आणि दाराच्या बाजूलाच जमिनीवर टेकलेला तो पाळणा. फोटोत रेतीचे मळके कट्टे येतील म्हणून बाईनं त्यांच्यावर नवी पिवळी साडी पसरली, चारी कोपऱ्यांना झेंडूच्या माळा बांधल्या, शेजारी एक समई लावली. ते रूप बघून भाटवे भारावले. त्यांना वाटलं, बाईचं मन वळलं.

इथं टोलीची एक रीत सांगायला हवी. लग्नाच्या सकाळी प्रत्येक घरून लग्नघरी तांदळाचा कट्टा येतो. तो कुणाच्या हातात द्यायचा नाही आणि दिला म्हणून कुणाला सांगायचंही नाही. देऊन बोलून दाखवणं टोलीत कमीपणाचं समजतात. मांडवाच्या दाराशी घरच्यांनी पहिला कट्टा ठेवलेला असतो, त्याच्यावर आपला ठेवायचा, हात जोडायचे आणि निघायचं. आणि एकदा ठेवलेला तांदूळ कुणी मांडवाबाहेर परत नेत नाही.

बाईनं पहिला कट्टा ठेवला होता, पण मांडवाच्या मागच्या दाराशी, घराच्या अंगाला. लोक आले पुलाकडच्या दारानं. तिथं त्यांना दिसलं काय, तर पिवळ्या साडीवर झेंडू, शेजारी समई आणि साडीखाली कट्ट्यांचा आकार. टेकचंदच्या घरची तऱ्हाच न्यारी, असं मनात म्हणत प्रत्येकानं आपला कट्टा त्या पाळण्यात ठेवला, वर साडी नीट ओढून घेतली, हात जोडले आणि आत गेला. बोलायचं तर नाहीच. मी स्वतः त्या पाळण्याजवळून दोनदा गेलो आणि मला वाटलं, रेती आज जरा फुगलेली दिसते.

आणि मग नवरदेव वेळेवर आला. आमच्याकडे वरात वेळेवर येत नाही. मुहूर्त टळतो, भटजी चिडतो, डीजेवर अजून एक गाणं होतं, तेव्हा कुठे नवरदेव मांडवात शिरतो. पण लाखांदूरकडून येताना डीजेचं जनरेटर बंद पडलं. नाचायला काही उरलं नाही, म्हणून वऱ्हाडी गाड्यांतून उतरून सरळ चालत आले. मुहूर्ताला बराच वेळ असताना पल्याडच्या काठावर फेटे दिसू लागले. बाईच्या हातातलं ताट खाली पडलं.

भाटव्यांनी नवा सफारी घातला होता, फेटा बांधला होता. त्यांनी बँडवाल्यांना खूण केली. बँड वाजू लागला. पल्याड वऱ्हाडी मोबाईल वर धरून उभे राहिले. भाटव्यांनी हँडलला हात घातला, जमलेल्या लोकांकडे एकदा ऐटीत पाहिलं आणि फिरवलं. हँडल हललं नाही. त्यांनी दोन्ही हात लावले. त्यांनी पाय खांबाला लावून ओढलं. साखळी कुरकुरली आणि पूल जसाच्या तसा उभा राहिला.

बँडवाले नवीन गाण्यावर गेले. भाटव्यांनी चाकाला तेल घातलं. बिजागरीवर तेल घातलं. घाईत आपल्या नव्या सफारीवरही घातलं. दोन दणकट भाचे बोलावून साखळीला लटकवले. ते लटकून राहिले आणि पूल राहिला जागेवर. पाळण्याकडे मात्र ते एकदाही गेले नाहीत. त्यांच्या हिशेबानं तिथं चूक असूच शकत नव्हती. तो तोल त्यांनी स्वतः साधला होता. उलट त्यांनी बँडवाल्याचा माईक मागून घेतला आणि पल्याडच्या व्याह्यांना ओरडून सांगू लागले की भय्याजी, पाच मिनिटं, रात्रीच्या दवानं लोखंड जरा आखडलं आहे. भय्याजींनी मान डोलावली. त्यांचा हात मात्र सवयीनं डोक्यावर गेला होता.

पल्याड वऱ्हाड्यांची निराळीच समजूत झाली होती. त्यांना वाटलं, ही टोलीची रीत असेल. बहिणी जशा दारात नवरदेवाला अडवतात, तसा इथं पूल अडवत असेल. नवरदेवाचे मित्र पुढे झाले आणि हात हलवून विचारू लागले की काय केलं म्हणजे पूल सोडाल? आमच्या बाजूच्या पोरींनी क्षणाचाही विलंब न लावता सांगितलं की नवरदेवानं नाचावं. मनिष नाचला. पूल हलला नाही. मग पोरींनी सांगितलं, उखाणा घ्या. बिचारा लाजून लाल झाला, घसा खाकरला आणि नाल्यापलीकडून ओरडून म्हणाला:

"नाल्यात भरलं पाणी, पाण्यात फिरते मासोळी,
हर्षाचं नाव घेतो, पूल सोडा खाली."

दोन्ही काठांवर टाळ्यांचा कडकडाट झाला. हर्षा नवरीच्या साडीत खिडकीत उभी होती आणि डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसत होती. मीसुद्धा खांबाला टेकून हसत होतो. हसत नव्हते ते फक्त भाटवे. त्यांचं तोंड उतरलं होतं.

तेवढ्यात नाल्यातून गोमाजीचा डोंगा आला. उभा पूल, अडकलेली वरात आणि तेल लागलेला सफारी पाहून त्याला सगळं उमगलं. त्यानं सरळ सांगितलं की नवरदेवाला डोंग्यातून इकडे आणतो, आधी लग्न लागू द्या. सगळ्यांना ते पटलं. भटजींनी घड्याळ दाखवलं. भाटवे गोमाजीजवळ गेले आणि मी त्यांना असं बोलताना कधी ऐकलं नव्हतं.

"गोमाजी, थोडा थांब," ते म्हणाले. "नवरदेव डोंग्यातून आला, तं हा पूल उद्या भंगारात जाते."

गोमाजीनं वल्हं खाली ठेवलं. डोंगा त्यानं काठाशीच थांबवला. आणि तेव्हाच बाई मांडवातून बाहेर आली.

ती पाळण्यापाशी थांबली. साडीच्या कडेतून एका कट्ट्याचं तोंड बाहेर आलं होतं आणि त्याला हिरव्या दोऱ्याची गाठ होती. ती गाठ टोलीतच दिलेल्या आमच्या धाकट्या बहिणीच्या हातची. तीच अशी दुहेरी गाठ मारते. बाईनं साडी ओढून काढली. खाली रेती कुठेतरी गाडली गेली होती आणि वर सगळ्या टोलीचा तांदूळ रचलेला होता. मग भाटव्यांनी कपाळावर हात मारला आणि पहिला कट्टा उचलायला वाकले.

"हात नको लावू, टेका." ही भाटव्यांना अजून टेका म्हणणारी त्यांची म्हातारी आत्या. तिनं काठी आपटली. मांडवात आलेला तांदूळ परत उचलायचा म्हणजे आलेली लक्ष्मी लोटून द्यायची, पोरीच्या लग्नात असलं अभद्र तिच्या डोळ्यांदेखत होणार नाही, असं तिनं ठणकावलं. नुसतं सांगून थांबली नाही. दोन पोरींचा आधार घेऊन पाळण्यात चढली आणि तांदळाच्या ढिगावर मांडी घालून बसली. उचला म्हणाली, आता उचला.

मी बाईकडे पाहत होतो. तिला काहीच करायची गरज नव्हती. नुसती गप्प राहिली असती तरी वरात डोंग्यातून आली असती आणि पूल गेला असता. इतकी वर्षं ती या दिवसाची वाट बघत होती. ती भाटव्यांकडे बघत होती. तेलकट सफारी, सुटलेला फेटा, ओठ घट्ट मिटलेले. मग तिनं पदर खोचला.

"आत्याबाई, परत कोण नेते?" ती म्हणाली. "आमी चुलीवर नेऊन राहिलो."

चुलीवर न्यायला आत्याचा आक्षेप असायचं कारण नव्हतं, त्यासाठीच तर तांदूळ येतो. बाईनं आचारी मंगरूला हाक मारली. मंगरू म्हणाला, भात कधीचा चढवला आहे. बाई म्हणाली, अजून चढव. तो म्हणाला, शिजवायला गंज नाहीत, मोठी पातेली संपली. ती म्हणाली, ढिवरांच्या घरचे आणा, शाळेतले आणा, पण चढव.

मग जे सुरू झालं ते मी जन्मात विसरणार नाही. आत्याच्या आजूबाजूचे कट्टे एकेक करून निघू लागले आणि मांडवातून धावत चुलीकडे जाऊ लागले. बँडवाल्यांना ते इतकं आवडलं की त्यांनी प्रत्येक कट्ट्याला ढोल वाजवला. भाटवे हँडलला लटकून होते. एक कट्टा गेला, साखळी कुरकुरली. अजून काही गेले, पूल जरासा झुकला आणि पल्याड आरोळी उठली. मंगरू चुलीपासून ओरडत होता की आता बस करा, माझ्या गंजातून भात उतू चालला. पण इकडे कुणी ऐकायच्या मनःस्थितीत नव्हतं. उत्साहाच्या भरात कुणीतरी रेतीचाही एक कट्टा काढून चुलीकडे पळवला. तो मंगरूनं वेळेवर ओळखला म्हणून त्या दिवशी कुणाचे दात पडले नाहीत.

पण तो एक कट्टा जास्त निघाला होता. पूल एकदम सुटला. भाटवे हँडलसह गर्रकन फिरले, त्यांचा फेटा नाल्यात गेला, पूल झोकात खाली आला आणि नवरदेवाच्या बुटांपासून वीतभर अंतरावर टेकला. इकडे पाळणा वर गेला, आत्यासकट. बघता बघता म्हातारी सगळ्यांच्या डोक्यांच्या वर जाऊन बसली, दोन्ही हातांनी साखळ्या धरून, मांडी तशीच घातलेली, भोवती झेंडूच्या माळा. मला धडकी भरली. मी ओरडलो की आत्याबाई, घट्ट धरा. तिनं खाली पाहिलं, मग पल्याड पाहिलं, मग सगळ्या टोलीकडे पाहिलं आणि म्हणाली, "अक्षता द्या मले कोणी."

काठीला बांधून तिला अक्षता पोचवल्या. वरात पुलावरून आली, आणि पुलावरून येणाऱ्या प्रत्येकावर वरून तांदूळ पडले. भय्याजी आल्यावर त्यांनी वर पाहिलं आणि डोकं झाकून घेतलं. आत्यानं त्यांच्यावर जरा जास्तच टाकले. नवरदेव आत आला, भटजींनी मंगलाष्टकं सुरू केली आणि आत्या लग्न लागेपर्यंत खाली उतरायला तयार नव्हती. इतकं नीट लग्न आपण जन्मात पाहिलं नाही, असं तिचं म्हणणं.

पंगतीत भात इतका होता की आग्रह करकरून वाढणाऱ्यांचे हात दुखले. ढिवरांच्या घरी गेला, पल्याडच्या शेतांवरच्या मजुरांना गेला, बँडवाल्यांनी डबे भरून नेला. भाटवे जेवले नाहीत. ते पंगतीत फिरत होते, लोक त्यांच्या पाठीवर थाप मारत होते आणि ते हसून मान डोलावत होते. त्यांचं लक्ष मात्र सारखं बाईकडे. वरात धड आली म्हणायची की नाही, हे तिनं अजून सांगितलं नव्हतं.

ऊन उतरलं तशी पाठवणी झाली. पूल बैलांपुरता आणि माणसांपुरताच रुंद, मोटार त्यावर येत नाही. मनिषची गाडी पल्याड उभी होती. हर्षा पुलापर्यंत हसत आली. पुलावर पाय ठेवला आणि तिचं हसू गेलं. ती मागे वळून बापाच्या गळ्यात पडली, मग आईच्या, मग पुन्हा बापाच्या. मनिष एका हातात तिची बॅग, दुसऱ्या हातात सासूनं दिलेली पोह्या-पापडांची पिशवी घेऊन शेजारी ताटकळत होता. दोघं पायी पूल ओलांडून गेले, गाडीत बसले आणि गाडी धानाच्या बांध्यांमधून दूर जाऊ लागली.

खाली नाल्यात गोमाजीचे डोंगे थांबले होते. त्यानं आरोळी दिली नव्हती. तो मुद्दाम थांबला होता हे सगळ्यांना कळत होतं. भाटवे हँडलपाशी उभे राहिले, हात ठेवला, पण त्यांच्यानं ते फिरवेना. रेतीचा कट्टा पाळण्यात परत गेला होता, आता त्यात काही अडलेलं नव्हतं. पण पोरगी अजून दिसत होती आणि तिच्यामागे पूल उचलून घ्यायचा, हे त्यांना जमत नव्हतं. बाई त्यांच्या बाजूला जाऊन उभी राहिली. तिनंही हँडलला हात लावला. दोघांनी मिळून ते फिरवलं, पूल वर गेला आणि डोंगे एकामागे एक नदीकडे निघून गेले.

भाटव्यांनी डोळे पुसले. मग खाली बघतच त्यांनी हळूच विचारलं की मग, भंगारवाला उद्या येतो का?

बाई पल्याडच्या रस्त्याकडे बघत होती. गाडी आता ठिपक्याएवढी उरली होती.

"थोडा रुंद करा," ती म्हणाली. "जावयाची गाडी दारापर्यंत आली पायजे. पोरगी माहेराले येईन, तं ओझं घेऊन पायी कायले चालन?"

भाटव्यांकडे कुठल्याही गोष्टीवर दोन तासांचं उत्तर तयार असतं. त्या दिवशी ते नुसतंच "हो" म्हणाले आणि तिथंच खांबाला धरून लहान पोरासारखे रडू लागले.